मदत हवी आहे: जुन्या पिकअपच्या गिअरबॉक्सची घरघर

मंडळी, साखळीहून बेळगावला भाजी आणायला जातो, त्यासाठी सेकंडहँड डिझेल पिकअप घेतलीय. पाच गिअर, रिअर व्हील ड्राइव्ह. न्यूट्रलमध्ये क्लच सोडला की घरघर, दाबला की एकदम गप्प. म्हणजे रिलीज बेअरिंग (क्लच सोडवणारं बेअरिंग) नसावं, ते तर क्लच दाबल्यावर ओरडतं. चोर्ला घाट चढताना दुसऱ्या-तिसऱ्यात आवाज वाढतो, चौथ्यात जवळजवळ जातो. गिअर ऑइल बदललं. ड्रेन प्लगला बारीक चुरा होता, तुकडे नव्हते. मेस्त्री म्हणतो, अख्खा गिअरबॉक्सच बदला (तो सगळ्यांनाच हे सांगतो!). मला इनपुट शाफ्ट (इंजिनाकडून फिरणारा दांडा) किंवा काउंटर शाफ्ट (त्याच्यावर फिरणारा खालचा दांडा) यांच्या बेअरिंगचा संशय आहे. नुसती बेअरिंगं बदलून कुणाचं भागलंय का? म्हापसा-फोंडा भागात गिअरबॉक्स उघडून नीट बसवणारा कुणी माहीत आहे? आणि तोवर माल भरून घाटात घालू की नको?