सांगलीच्या उकाड्यात एल बिअरला कोणतं यीस्ट?

विश्रामबागकर:
नमस्कार मंडळी. घरी वीस लिटर पेल एल लावायचीय. माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली), हॉप्स (कडवटपणा नि सुवास देणारी फुलं), झाकणाची बादली, एअरलॉक (आतला गॅस सोडणारी, बाहेरची हवा अडवणारी झडप), हायड्रोमीटर (साखर किती उरली ते दाखवणारी नळी) सगळं जमलंय. अडलंय ते यीस्टपाशी. यूएस-०५ घ्यावं की एस-०४? सगळे यूएस-०५ सांगतात, पण सांगणारे बहुतेक थंड गावांतले. आमचं घर वरच्या मजल्यावर, दिवसभर स्लॅब तापतो, एप्रिलात रात्री अकरालाही खोलीत ३२ अंश असतात. एसी नाही, बादलीसाठी वेगळा फ्रिज ठेवायला जागा नाही. चव साफ हवी, हॉप्स पुढे येणारी. काय घेऊ?

कृष्णाकाठ_पलूस:
दादा, चव ठरवून यीस्ट निवडणं थंड गावाला परवडतं. आपल्याकडे आधी बादलीचं तापमान बघायचं, मग पुडी. मी पलूसच्या वाइन पार्कात टाक्यांवर काम केलंय, तिथं अर्धं लक्ष थर्मामीटरवरच असतं. खोली ३२ म्हणजे बादली ३२ नव्हे. साखर खाताना यीस्ट स्वतः उष्णता सोडतं, आंबणं जोरात असताना आतलं वर्ट (माल्टचं गोड पाणी, ज्याची बिअर होते) खोलीपेक्षा तीन-चार अंश वर जातं. यूएस-०५ ला १८ ते २६ मानवतात. ३५ वर ते मरत नाही, पण फ्यूझेल अल्कोहोल (उग्र वासाचे जड अल्कोहोल) बनवतं. मग बिअरला थिनरसारखा वास येतो. एस-०४ तर विशीच्या थोडं वर गेलं की फळकट व्हायला लागतं. तळाला मात्र घट्ट बसतं, बिअर लवकर निवळते, म्हणून ते डिसेंबर-जानेवारीसाठी ठेवा.

आत्ता व्हॉस क्वाइक लावा. नॉर्वेच्या शेतकऱ्यांनी घरोघरी विरजणासारखं जपलेलं यीस्ट आहे हे, लाकडी कड्यांवर वाळवून ठेवायचे. ३५ ते ४० अंशांत ते खुलतं, चार-पाच दिवसांत काम उरकतं. संत्र्याच्या सालीसारखा हलका वास येतो, कॅस्केड किंवा सिट्रा हॉप्सशी त्याचं छान जमतं. पण त्याला खायला भरपूर लागतं. वर्ट हलकं (कमी साखरेचं) असेल तर यीस्ट न्यूट्रिएंट (यीस्टचं खाद्य) घातल्याशिवाय लावू नका, मध्येच रेंगाळतं.

मिरज_जंक्शन:
यूएस-०५ एवढ्यात सोडू नका की! टबात पाणी भरा, त्यात बादली ठेवा, भोवती ओलं गोणपाट गुंडाळा आणि पाण्यात बर्फाच्या बाटल्या सोडा. पहिले तीन दिवस तेवढे सांभाळायचे, नको ते वास बहुतेक तेव्हाच तयार होतात. नंतर थोडं तापलं तरी चालतं. इतकी साफ चव क्वाइकला नाही येत.

विश्रामबागकर:
पटतंय, पण मी दिवसभर दुकानात. आईला बाटल्या बदलत बसायला लावणं बरं नाही. बेल सेझॉन यीस्टच्या पाकिटावरही ३५ अंश दिसतात, ते कसं?

कृष्णाकाठ_पलूस:
तुम्हाला नको. मिरीसारखा तिखट वास देतं, हॉप्स मागे पडतात. शिवाय ते डायस्टॅटिकस जातीचं आहे, इतर यीस्ट सोडून देतात ती डेक्स्ट्रिनंही (न आंबणारी पिष्टमय साखर) हळूहळू खात राहतं. घाईनं बाटल्या भरल्या तर आत गॅस साठून काच फुटते. प्लास्टिकच्या बादलीच्या ओरखड्यांत राहिलं तर पुढच्या बिअरमध्येही शिरतं, त्याला वेगळी बादली लागते.

मिरजवाल्यांचं गोणपाट एप्रिलच्या कोरड्या हवेत खरंच काम करतं. जुलैत हवा दमट, पाणी उडत नाही. पण तेव्हा खोलीच निवलेली असते, नुसत्या टबावर यूएस-०५ निघून जातं. ते पावसाळ्यात लावा.

विश्रामबागकर:
ठरलं, व्हॉस. ११ ग्रॅमची पुडी वीस लिटरला पूर्ण घालू?

कृष्णाकाठ_पलूस:
पूर्ण घाला, वर्ट ३५ ला उतरलं की. पहाटे गार होत असेल तर बादलीला गोधडी गुंडाळा. आणि हायड्रोमीटर दोन दिवसांच्या अंतरानं तोच आकडा दाखवेपर्यंत बाटल्या भरू नका.