दादाच्या वाढदिवसाला पॅराग्लायडिंगचा पहिला धडा द्यायचाय (कामशेत): काय बघून ठरवू?

मृण्मयी_ठाणे
दादाचा बेचाळिसावा वाढदिवस १८ ऑगस्टला आहे. त्याला कामशेतला पॅराग्लायडिंग भेट द्यायचंय. पायलटबरोबरची टँडम फेरी घ्यावी की एका दिवसाचा प्राथमिक धडा, यावर अडले आहे. वजन ९६ किलो, चष्मा आहे, उजव्या गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन तीन वर्षांपूर्वी झालंय. वहिनी बघायला येणार. दादाला आधी कळू द्यायचं नाही. पैसे भरण्याआधी काय काय विचारून घेऊ?

पवनमावळ
ताई, पहिली गोष्ट तारखेची. पावसाळ्यात कामशेतला उड्डाणं बंद असतात. ढग डोंगराला टेकलेले, वारा झोडपणारा, आणि विंगचं (म्हणजे डोक्यावरच्या कापडी पंखाचं) कापड भिजलं की ते जड होऊन नीट उचलतच नाही. हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. म्हणून वाढदिवसाला पाकीट द्या आणि उड्डाण डिसेंबर-जानेवारीत ठेवा. पक्की एक तारीख घेऊच नका, लागून दोन-तीन दिवस मोकळे ठेवा. वारा बाजूने किंवा झटक्याझटक्याने येत असेल तर चांगला पायलट दिवसभर डोंगरावर बसून राहील आणि संध्याकाळी खाली उतरेल. पैसे भरताना विचारा: वाऱ्यामुळे रद्द झालं तर दुसरी तारीख मिळते की पैसे परत, आणि व्हाउचरची मुदत पुढच्या मे अखेरपर्यंत आहे का.

आता टँडम की धडा. टँडममध्ये दादा पुढे हार्नेसमध्ये (अंगाला बांधायच्या पट्ट्यांच्या खुर्चीत), पायलट त्याच्या मागे. दादाचं काम दोनच: पळायचं आणि उतरताना उभं राहायचं. हवेत १०-१५ मिनिटं. धड्यात तो स्वतः विंग उचलायला शिकतो, आधी सपाट मैदानावर, मग छोट्या उतारावर. त्या दिवशी पाय जमिनीपासून काही मीटरच सुटतील, वारा नसला तर तेवढेही नाहीत. हे दादाला पाकिटातच लिहून सांगा, नाहीतर तो उंच उडायच्या आशेने येईल आणि हिरमुसेल.

वजन फोनवरच खरं सांगा. टँडम विंगला प्रमाणपत्रात एकूण वजनाची मर्यादा असते. त्यात पायलट, प्रवासी आणि सगळं सामान आलं. ही मर्यादा अनेकदा २०० ते २२० किलोच्या आसपास असते. दादा ९६, पायलट ७०, सामान २० म्हणजे १८६. बसतं. पण पायलटच ९० किलोचा निघाला तर २०६, आणि मंद वाऱ्यात अशा जोडीला उतारावर बरंच लांब पळावं लागतं. तेव्हा "हलका पायलट द्या" असं आधीच सांगा.

दोरी_आणि_रायझर
गुडघ्याबद्दल लिहितो, कारण इथेच लोक उलटं समजतात. टँडममध्ये पळणं असतं १०-१५ पावलं. धड्यात दिवसभरात २०-३० वेळा पळावं लागतं आणि प्रत्येक वेळी विंग-हार्नेसचं १०-१५ किलोचं ओझं घेऊन उतार परत चढावा लागतो. ऑपरेशन केलेल्या गुडघ्याला तेच जास्त झेपत नाही. ऑर्थोपेडिक डॉक्टरांना "पळून अचानक थांबलेलं चालेल का, पाय मुरगळेल अशा जमिनीवर चालेल का" असं नेमकं विचारायला हवं. तो प्रश्न दादाच विचारू शकतो, म्हणून सरप्राइज वाढदिवसालाच उघडा.

टेकऑफला प्रवाशाची ठरलेली चूक एकच: पाय हलके वाटले की तो खुर्चीत बसल्यासारखा बसतो किंवा उडी मारतो. विंगने अजून पूर्ण भार घेतलेला नसतो, मग दोघंही गुडघ्यांवर आपटतात. पाय हवेत गेले तरी पळतच राहायचं, पायलट "बसा" म्हणेपर्यंत.

धडा घेतलाच तर हे लक्षात असू द्या. विंग डोक्यावर येताना ए-रायझर (विंगच्या पुढच्या दोरांना हार्नेसशी जोडणारे पट्टे) हातात नुसते धरायचे, खाली ओढायचे नाहीत. ओढले की विंगची पुढची कड दुमडते. अर्ध्यात पळणं थांबवलं की ती मागे पडते. घाबरून दोन्ही ब्रेक (विंगची मागची कड खाली खेचणाऱ्या हातातल्या दोऱ्या) जोरात ओढले तरी मागेच जाते. छाती पुढे, पावलं चालू, वर एक नजर, मग हलका ब्रेक.

बूट घोट्यापर्यंतचे, पण नाडी अडकवायचे धातूचे हुक नसलेले. विंगचे दोर बारीक असतात, हुकात सहज अडकतात. हुक असतील तर वरून इन्सुलेशन टेप गुंडाळा. पूर्ण बाह्या, पूर्ण पँट, हातमोजे, चष्म्याला मागून दोरी. ओढणी, स्कार्फ, सेल्फी स्टिक काही नको.

मृण्मयी_ठाणे
म्हणजे गुडघ्यामुळे धडा बादच का? त्याला नुसतं बसून फिरण्यापेक्षा शिकण्यात जास्त रस आहे. शिवाय त्याला बसच्या घाटातही मळमळतं.

पवनमावळ
बाद कशाला? सकाळी सपाट मैदानावर दोन तास विंग हाताळणी आणि दुपार उतरल्यावर टँडम असं जोडून मागा. मैदानावर वाऱ्याकडे पाठ आणि विंगकडे तोंड करून ती डोक्यावर तोलून धरायची असते. पळणं कमी, चढण नाही, आणि शिकायला सगळ्यात जास्त तिथेच मिळतं. मग टँडममध्ये पायलट शांत हवेत ब्रेक हातात देतो का, तेही विचारा. उजवा ब्रेक हळू ओढला की विंग उजवीकडे कशी वळते हे त्याला हाताला कळेल.

मळमळीला भर दुपारचं उड्डाण वाईट. जमीन तापली की हवेचे गरम झोत उठतात आणि विंग हिंदकळते. संध्याकाळची हवा मऊ असते. उपाशी पोटी नको, दोन तास आधी पोहे किंवा इडली एवढंच. नजर क्षितिजावर, पायाखाली नाही. "गिरक्या नकोत" हे पायलटला टेकऑफच्या आधी सांगायचं.

दोरी_आणि_रायझर
संस्था निवडताना: २०२१च्या राज्याच्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणे पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी लागते, तिचं प्रमाणपत्र मागा. टँडम पायलटचा परवाना आणि रिझर्व्ह पॅराशूट शेवटचं उघडून परत कधी घडी केलं, हेही विचारा. तारीख चटकन सांगता आली पाहिजे. बऱ्याच वैयक्तिक अपघात विम्यांत साहसी खेळ वगळलेले असतात, तेव्हा दादाची पॉलिसी वाचा आणि संस्थेचा विमा प्रवाशाला लागू आहे का ते लेखी घ्या.

टेकऑफच्या आधी वहिनीने लांबूनच दोन गोष्टी बघाव्यात: दादाच्या दोन्ही मांड्यांचे पट्टे लावलेत ना, आणि हेल्मेटचा बक्कल हनुवटीखाली बंद आहे ना. मांडीचे पट्टे राहून गेले तर माणूस हवेत हार्नेसमधून खाली घसरतो. शंका आली तर ओरडून थांबवावं, कुणी रागावत नाही. उभं राहायचं ते मांडलेल्या विंगच्या बाजूला, दोरांपासून लांब.

ठाण्याहून येताना लोणावळ्याला उतरून पुण्याकडची लोकल घ्या, मळवलीनंतर कामशेत. डोंगरापर्यंत संस्थेची गाडी येते का, तेवढं बुकिंगलाच विचारून ठेवा.

मृण्मयी_ठाणे
मैदान अधिक संध्याकाळची टँडम, जानेवारीचे तीन दिवस, हलका पायलट. पाकिटात हुक नसलेल्या बुटांसाठी दादाच्या मापाची चिठ्ठीही टाकते. दहा नंबर.