मदत हवी आहे: लसीकरण पूर्ण होईपर्यंत पिल्लाला घरात शी-शूची सवय कशी लावावी?

आम्ही नुकतेच सुमारे 9 आठवड्यांचे गावठी पिल्लू (मादी) दत्तक घेतले आहे. तिला एकत्रित लसीचा पहिला डोस व जंतांचे औषध देऊन झाले आहे. उरलेले डोस ती 16 आठवड्यांची होईपर्यंत चालतील. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत अनेक महिने टिकतो आणि आमच्या आवारात भटक्या कुत्र्यांचा कायम वावर असतो, त्यामुळे तोपर्यंत तिला खाली जमिनीवर सोडता येणार नाही.

झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर आम्ही तिला लगेच बाल्कनीतील वर्तमानपत्रावर नेतो, तिथे काम उरकले की तत्क्षणी खाऊ देतो आणि चुकल्यास रागावत नाही. तरीही ती आत येऊन पायपुसण्यावरच शू करते, आणि पायपुसणी उचलून ठेवल्यावर तिने सतरंजी गाठली. घरात दिवसभर कोणीतरी असते, रात्रीही आम्ही तिला एकदा बाल्कनीत नेतो. डाग एन्झाइमयुक्त द्रावणाने पुसतो, फिनेल वापरत नाही. जुलाब, उलट्या किंवा वारंवार थेंब-थेंब शू होणे असे काही नाही, त्यामुळे हे आजारपण नसावे.

तिला मऊ पृष्ठभाग हवा असतो, असा माझा अंदाज आहे. अशा पिल्लासाठी बाल्कनीत कृत्रिम गवताचा ट्रे ठेवावा की कुंडीतील खऱ्या हिरवळीचा, आणि पुढे बाहेर जाण्याची सवय लावताना यांपैकी कोणता पर्याय कमी अडचणीचा ठरतो?