'गेटिंग बेटर'मधली ती ओळ : कबुली की सुटका?

मध्यलय

काल बऱ्याच वर्षांनी हेडफोन लावून बीटल्सचं 'गेटिंग बेटर' ऐकलं. १९६७ च्या 'सार्जंट पेपर्स'मधलं. उडती चाल, टणटणीत गिटार, दिवस पालटतायत असं सांगणारे शब्द. तिसऱ्या कडव्याला मागे जॉर्ज हॅरिसनचा तंबोरा सुरू होतो. आपल्या कानाला तो लगेच ओळखू येतो. आणि त्याच सुरावर गाणारा सांगतो की मी माझ्या बाईशी क्रूर वागायचो, तिला मारायचो, तिच्या आवडीच्या गोष्टींपासून तिला तोडायचो. मग म्हणतो, आता बदलतोय, जमेल तेवढं करतोय. संपलं, पुन्हा धृपद. कॉलेजच्या गॅदरिंगला आम्ही हे टाळ्या वाजवत म्हटलं होतं. त्या ओळीवर आमच्यातला एकही जण अडखळला नव्हता, आणि हे आठवून काल मला झोप आली नाही.

मूळ कल्पना आणि गायलेला आवाज बीटल्समधल्या पॉल मॅकार्टनीचा, पण ही ओळ त्याचा जोडीदार जॉन लेननची. १९८० साली 'प्लेबॉय'ला दिलेल्या मुलाखतीत त्याने आडपडदा न ठेवता सांगितलं की हे माझंच आहे. बोलून व्यक्त होता येत नसे म्हणून मी हात उचलायचो, पुरुषांशी मारामाऱ्या केल्या, बायकांना मारलं. म्हणूनच शांततेचा एवढा ध्यास, असंही म्हणाला. तरुणपणी बायकांशी कसा वागलो हे चारचौघांत मांडायला मला अजून बरंच वय व्हावं लागेल, हेही त्याचंच वाक्य. ते वय त्याला मिळालंच नाही. त्याच डिसेंबरात त्याला गोळ्या घातल्या, तेव्हा तो ४० वर्षांचा होता.

माझं म्हणणं असं: ही ओळ गाळू नये आणि ऐकून न ऐकल्यासारखीही करू नये. जगातला सगळ्यात लाडका गवई 'मी मारलं' असं प्रथमपुरुषी एकवचनात लिहून ठेवतो, याला मोल आहे.

सरोज_ठाणे

पूर्ण असहमत. मोल कुणासाठी? ज्या बाईला मारलं तिला त्या गाण्यात नाव नाही, चेहरा नाही, उत्तर द्यायला अर्धी ओळसुद्धा नाही. मार तिने खाल्ला आणि 'बदलतोय' याचं कौतुक त्याच्या पदरात. तेही तीन ओळींत!

जॉनची पहिली बायको सिंथिया लेनन हिने २००५ च्या आत्मकथनात तिची बाजू लिहिली आहे. कॉलेजचे दिवस. ती जॉनचा मित्र स्टुअर्ट सटक्लिफ याच्याबरोबर नाचली, एवढंच निमित्त. दुसऱ्या दिवशी जॉन तळघरातल्या मुलींच्या स्वच्छतागृहापर्यंत तिच्या मागे गेला आणि तोंडावर अशी मारली की तिचं डोकं मागच्या भिंतीवरच्या पाइपांवर आदळलं. एक शब्द न बोलता तो निघून गेला. तिने संबंध तोडले. तीन महिन्यांनी त्याने फोन करून माफी मागितली. पुन्हा कधी हात उचलला नाही, पण जीभ तशीच धारदार राहिली, असं ती सांगते.

ते पाइप गाण्यात कुठे आहेत? 'मी क्रूर होतो' हे धूसर वाक्य आहे. डोकं कशावर आदळलं हे मार खाणारीच सांगू शकते.

वाचनवेडा

सरोजताई, गाणं म्हणजे कोर्टातला जबाब नव्हे. अडीच-तीन मिनिटांच्या गाण्यात तुम्ही मागताय ते मावणार नाही.

त्या काळातली बाकीची गाणीही बघा. १९६२ मध्ये 'द क्रिस्टल्स' या अमेरिकन गायिकांच्या गटाचं एक गाणं आलं, त्यात प्रियकराचा मार मुलीला चुंबनासारखा वाटतो. जेरी गॉफिन आणि कॅरोल किंगने ते लिहिलं, कारण त्यांच्या ओळखीतली मुलगी, गायिका लिटल इव्हा, मारणाऱ्या प्रियकराबद्दल असंच बोलली होती. १९६५ मध्ये खुद्द लेननचं 'रन फॉर युअर लाइफ' आलं, म्हणजे दुसऱ्याबरोबर दिसलीस तर जीव वाचवून पळ. ते गाणं त्याला स्वतःलाच पुढे नकोसं झालं. आणि दोनच वर्षांत हाच माणूस धमकी सोडून कबुलीवर येतो. त्या वेळी इंग्लंडात मारहाण सोसणाऱ्या बायकांना घर सोडून जायला आसरा नव्हता. एरिन पिझीने लंडनच्या चिझिक भागात काढलेलं आश्रयगृह १९७१ चं, संरक्षणाचा कायदा १९७६ चा. शब्दच नव्हते लोकांकडे. अशा वेळी ही ओळ येते, ती काही लहान गोष्ट नाही.

सरोज_ठाणे

शब्द नव्हते कसे? बायकांकडे होते. आपल्याकडे जात्यावर बसून बायकांनी सासरचा जाच, नवऱ्याचा मार पिढ्यान्‌पिढ्या गायला आहे. गी पॉइतव्हाँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी लाखावर ओव्या गोळा केल्या, त्या काय आकाशातून पडल्या? ऐकणारे कान नव्हते, असं म्हणा. मारणाऱ्याने एक ओळ लिहिली की आपण साठ वर्षं चर्चा करतो. मला टोचतं ते हे.

पूर्वा

मी इथे फक्त वाचते, लिहीत नाही. आज लिहिते.

आमच्या घरी वडील मारायचे. फुटलेल्या बांगड्यांचे तुकडे आई ओल्या फडक्याने टिपायची, आमच्या पायात जाऊ नयेत म्हणून. फडकं पिळायची नाही, तसंच कागदात गुंडाळून टाकायची. वयाच्या पन्नाशीनंतर वडिलांचं ते थांबलं. आता नातेवाईक जमले की ते स्वतःच सांगतात, "मी आधी फार तापट होतो." सगळे म्हणतात, किती बदललात! आई तेव्हा चिवड्याच्या बश्या भरत असते.

तापट. हा शब्द मी किती वेळा ऐकलाय. सरोजताई, तुमचं बरोबर आहे, गाण्यात पाइप नाहीत. पण 'मारायचो' हे क्रियापद आहे. आणि 'तिच्या आवडीच्या गोष्टींपासून तोडायचो' हेसुद्धा आहे, त्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही. आईची पेटी माळ्यावर गेली ती कायमची. माझ्या वडिलांनी आयुष्यात एकदा, एकदाच, 'मी तिला मारायचो' असं पूर्ण वाक्य म्हटलं असतं तर मला फरक पडला असता. आईला पडला असता की नाही, ते मी तिच्या वतीने सांगणार नाही.

मध्यलय

पूर्वा, तुम्ही लिहिल्यावर माझं वरचं म्हणणं थोडं बदलतो. मोल कबुलीला म्हणण्यापेक्षा त्या क्रियापदाला आहे. आणि सरोजताई, कौतुकाचा मुद्दा मान्य. मॅकार्टनीने २०२२ च्या दौऱ्यातही हे गाणं गायलं. हजारो लोक 'बेटर, बेटर' म्हणत होते. त्या ओळीपाशी ते काय करत असतील, हा प्रश्न मला आता पडतोय.

दक्षिणकाठ

नाव लपवून लिहितोय, त्याबद्दल माफ करा. २००९ मध्ये मी बायकोवर हात उचलला. एकदाच. निमित्त पैशांचं होतं. 'एकदाच' लिहितानाही मी स्वतःला वाचवतोय, हे समजतंय. लेननची ती मुलाखत मी पुढे वाचली आणि पहिल्यांदा वाटलं की हे माझ्याबद्दल आहे. तोवर मी त्याला 'भांडण' म्हणत होतो. म्हणून म्हणतो, अशा ओळी राहू द्या. माझ्यासारख्याला दुसऱ्या कुणाचं बोलणं पोचलं नसतं.

सरोज_ठाणे

लिहिलंत, ते वाचलं. एकच विचारते. हे आम्हाला सांगितलंत, वहिनींना सांगितलंत का?

दक्षिणकाठ

नाही. दोघांनाही माहीत आहे, बोललो कधीच नाही. मागच्या वर्षी माफी मागायची म्हणून मनात वाक्यं जुळवली होती. तुम्ही लिहिलेलं पाइपांचं वाचल्यावर लक्षात आलं की त्या सगळ्या वाक्यांत मीच होतो. ती त्या दिवशी कुठे उभी होती, मला आठवतच नाही. रविवारी मुलगा क्लासला गेला की तिला विचारणार आहे, त्या दिवशीचं तुला काय आठवतं? तिला सांगायचं नसेल तर तेही ठीक. माफीचं त्यानंतर बघू.