बारा हजारांत दुर्बीण: ‘वीस एक्सच्या खाली घेऊच नका’ म्हणणाऱ्यांना उत्तर

गोरेवाडाकर:
परवा या फोरमवर विदर्भवीर यांनी ठोकून दिलं, की सफारीला जाणाऱ्याने २०×५० (वीसपट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ५० मिलिमीटरचं) च्या खालची दुर्बीण घेणं म्हणजे पैसे पाण्यात. नागपूरच्या बर्डीच्या बाजारात दीड हजारात मिळते ती घ्यावी, जपानी नावाला बारा हजार मोजणारे नुसते शोबाज. त्यावर ‘एकदम बरोबर भाऊ’ म्हणणाऱ्यांची रांग लागली आणि एकाने तर लगेच मागवलीही. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

वीस एक्स म्हणजे वाघ वीसपट मोठा, हे खरं. पण हाताची थरथरही वीसपट मोठी, हे कोण सांगणार? जिप्सीचं इंजिन सुरू, मागच्या सीटवर चौघांची चुळबुळ, अशात वीस एक्स डोळ्याला लावून बघा. वाघ सोडा, झाड एका जागी राहत नाही. त्यात आपला मे महिना. नऊ वाजले की पेंचच्या जंगलात तोतलाडोह धरणाच्या पाण्यावरची हवा हलायला लागते आणि मोठ्या एक्समध्ये फक्त तो हलणारा धूर मोठा होतो.

दुसरी गोष्ट उजेडाची. भिंगाचा व्यास भागिले एक्स, एवढाच हिशोब आहे. २०×५० मधून डोळ्यात अडीच मिलिमीटरचा झोत येतो, ८×४२ मधून सव्वापाचचा. पेंचच्या सिल्लारी गेटातून आत शिरताना धड उजाडलेलंही नसतं. बिबट्या, घुबड, रानकुत्री, जे काय दिसायचं ते त्याच वेळेला. भर दुपारी अडीच मिलिमीटर पुरतात, पण भर दुपारी बघायचं काय? अमेरिकेतले हरणाचे शिकारी ८×४२ नाहीतर १०×४२ गळ्यात अडकवतात. युरोपात रात्री मचाणावर बसून रानडुकराची वाट बघणारे ८×५६ घेतात. त्यांना वीस एक्स परवडत नाही म्हणून नव्हे. (खोक्यावर ‘हंटिंग’ लिहिलेलं असलं तर त्याचे वेगळे पैसे देऊ नका. पानाफुलांचं रबर चढवतात, बाकी माल तोच.)

तिसरं, चांगल्या आठ एक्समध्ये किलोमीटरवरची सव्वाशे-दीडशे मीटर रुंदी एका नजरेत मावते, वीसमध्ये जेमतेम पन्नास-साठ. पिंपळाच्या शेंड्यावर बसलेला हरियल वीस एक्सने शोधून दाखवा. तुम्ही पानं मोजेपर्यंत थवा उडालेला असतो.

बारा हजारांत माझं मत साधं आहे: जुन्या वळणाची, खांदेवाली पोरो घ्या (आतल्या प्रिझममुळे नळी मध्येच बाजूला सरकलेली असते ती). सरळ नळीच्या रूफ दुर्बिणीला चित्र स्पष्ट दिसायला प्रिझमवर एक खास लेप, म्हणजे फेज कोटिंग, लागतं, ते या भावात बहुतेक वेळा नसतं. पोरोला त्याची गरजच नाही. निकॉन अक्युलॉन ८×४२ किंवा ऑलिंपसची ८×४० डीपीएस बघा. दोन्ही वॉटरप्रूफ नाहीत, पावसाळ्यात सिलिका जेल घालून डब्यात ठेवा, नाहीतर बुरशी लागते.

दुकानात घ्यायची तर आधी आकाशाकडे रोखून हातभर लांब धरा. डोळ्याच्या भिंगात उजेडाचा ठिपका दिसतो, तो पूर्ण गोल हवा. कडा कापल्यासारखा चौकोनी दिसला तर प्रिझम हलकं आहे. भिंग लालभडक चमकत असेल तर खाली ठेवा. मग बाहेर येऊन विजेच्या तारांकडे बघा. एका तारेच्या दोन दिसल्या तर दहा मिनिटांत डोकं धरणार. आणि दहा-ते-तीस झूमवाल्या वस्तूला हातही लावू नका.

विदर्भवीर:
वा सर! वाघ बघायचा आहे की बारावीचा फिजिक्सचा पेपर द्यायचा आहे? माझ्या दीड हजाराच्या दुर्बिणीतून पेंचच्या खुर्सापार गेटाला वाघिणीच्या मिश्या दिसल्या आहेत. जिप्सीच्या दांड्यावर टेकवली की हलत नाही. बाकी पैशात आणखी एक सफारी होते. तुम्ही बसा झोताचे मिलिमीटर मोजत.

गोरेवाडाकर:
दांड्यावर टेकवता? दांडा कशाला जोडलाय, इंजिनालाच ना? आणि तुमच्या खोक्यावर २० लिहिलंय, आत किती आहेत ते देव जाणे. मिश्या दिसल्या म्हणजे वाघीण रस्त्यावर होती. तेव्हा नुसत्या डोळ्यांनीही दिसल्याच असत्या.

चष्मेवाले मास्तर:
दोघेही तरुण दिसता, म्हणून एक गोष्ट दोघांच्याही ध्यानात नाही. चष्मा! अक्युलॉन ८×४२ चा आय रिलीफ, म्हणजे डोळा भिंगापासून जेवढा लांब ठेवूनही पूर्ण गोल दिसतो ते अंतर, १२ मिलिमीटर आहे. चष्मा लावून त्यातून बघा, गोलाचा मधला तुकडा तेवढा दिसतो, बाकी काळं. चष्मेवाल्याला १५ च्या वर हवा. चष्मा काढून बघा म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी एकदा चष्मा वर, दुर्बीण डोळ्याला, दुर्बीण खाली, चष्मा नाकावर, ही कसरत धावत्या जिप्सीत करून दाखवावी. तोवर गाइड ‘गेला, गेला’ म्हणतो.

मी निकॉनचीच प्रोस्टाफ पी-३ घेतली, ८×४२. बजेटच्या थोडी वर गेली, पण पूर्ण गोल दिसतो, वजनाला हलकी आणि पाण्याला घाबरत नाही. फेज कोटिंग नाही हे मान्य, ते वरच्या पी-७ ला आहे. गोरेवाडाकर म्हणतील ऑलिंपसची पोरो जास्त कुरकुरीत दिसते. दिसत असेल. ज्याला पूर्ण दिसते त्याने कुरकुरीतपणाचं कौतुक करावं.

गोरेवाडाकर:
चष्म्याचा मुद्दा बरोबर आहे, मास्तर. चष्मेवाल्यांनी पी-३ घ्यावी. ज्यांना चष्मा नाही त्यांनी जास्तीचे पैसे का घालवावेत, ते मात्र तुम्ही सांगितलं नाही.

संत्रेवाला काटोल:
रामराम. तुमी वाघ पाहाले दुर्बीण घेता, मले रोही, म्हनजे नीलगाय, पाहाले पायजे. आमचं वावर काटोलच्या अंगानं, संत्र्याची लहान झाडं हायेत अन् बाजूले हरभरा. रात्री जागलीले जातो. रोही कोनत्या धुऱ्यानं, म्हनजे बांधानं, येऊन रायले ते आधी समजलं तं त्या बाजूनं फटाका फोडता येते, नाही तं सगळा कळप आरपार वावर तुडवून जाते. डुक्करं तं त्याहून बेकार, एका रात्रीत भुईमूग उकरून ठेवते. मोबाइलवर एक दिसली, ६०×६०, ‘डे नाइट व्हिजन’, हजाराच्या आत. घेऊ काय? बजेट आठ-दहा हजार लोक हो, पीक विकल्यावर.

पक्षीसखी:
क्षमा करा, पण इथे वन्यजीव बघणारे लोक आहेत. शिकारीसाठी दुर्बीण कोणती, हा प्रश्न इथे विचारला जातोय याचंच वाईट वाटतं. १९७२ पासून शिकार बंद आहे. फटाके फोडणं हाही त्रासच आहे. जंगल त्यांचं होतं, आपण घुसलो.

संत्रेवाला काटोल:
ताई, शिकारीचं नाव मी कुठं काढलं? पाहाचं म्हटलं. पयले वाचत जा ना बापा. अन् वावर माह्या आजाच्या नावावर होतं, सातबारा हाय. रोही त्याच्या आधीपासून होते म्हनता तं त्यायचा सातबारा दाखवा.

पक्षीसखी:
टिंगल करू नका. नुकसान झालं तर सरकार भरपाई देते. ती घ्या आणि प्राण्यांना जगू द्या.

संत्रेवाला काटोल:
देते ना! पंचनाम्याले तलाठी आला तं वनरक्षक नाही, वनरक्षक आला तं कृषी सहाय्यक सुट्टीवर. तिघं जमेपर्यंत हरभरा फुटून वर येते, मंग म्हनतात नुकसान कुठं दिसून रायलं? अन् लहान झाडाचं खोड रोह्यानं घासलं तं त्या झाडाले फळ याचं तेच चार-पाच वर्सं लांबते. त्याचा पंचनामा कोन करते? तुमी नागपुरात धरमपेठेत बसून सांगून रायल्या, एक रात्र जागलीले या.

सदर बाजार:
कायद्याचं बोलायचं तर वन्यजीव कायद्यातच कलम ११(१)(ब) आहे. उभ्या पिकाला धोका करणाऱ्या प्राण्याला मारण्याची लेखी परवानगी अधिकृत अधिकारी देऊ शकतो. त्यामुळे ‘शिकार बंद’ म्हणून एका ओळीत विषय संपत नाही. आणि परवानगी मिळाली म्हणून प्रश्न सुटतो असंही नाही.

संत्रेवाला काटोल:
कागद भेटला तरी बंदूक कोनाजवळ हाय? गावात कोनाजवळ लायसन नाही. शहरातून कोनाले बोलवा, त्याचं पेट्रोल द्या, रातभर चहा पाजा, अन् डुक्कर त्या दिवशी येतच नाही.

विदर्भवीर:
हे मात्र खरं आहे. माझ्या मामांनी सोलरचं कुंपण लावलं. डुकरांनी खालून माती उकरून वाट काढली आणि आता बॅटरीच चोरीला गेली आहे. ती डुकरांनी नेली नसावी.

पक्षीसखी:
मग काय, सगळं संपवून टाकायचं? माणूस म्हणून आपली काही जबाबदारी आहे की नाही?

संत्रेवाला काटोल:
जबाबदारी म्हनता? ३१ डिसेंबर २०२४ ले उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात वाघिनीले अन् तिच्या पिलायले जिप्स्यायनं दोन्हीकडून घेरलं होतं. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाले स्वतःहून दखल घ्या लागली. त्या जिप्स्यायमंधी कोन बसलं होतं? काटोलचे शेतकरी होते काय?

पक्षीसखी:
त्या जिप्सीवाल्यांचं समर्थन मी कधीच केलं नाही, करणारही नाही. मी पक्षी बघते, परडगावच्या तलावावर पायी जाते. सगळ्यांना एका पोत्यात भरू नका.

संत्रेवाला काटोल:
तुमीच मले शिकाऱ्याच्या पोत्यात भरलं ना पयले. आता फिटमफाट.

गोरेवाडाकर:
पुरे करा दोघंही. धागा दुर्बिणीचा आहे. काटोलचे भाऊ, ते ६०×६० अजिबात घेऊ नका. त्यावरचं ‘नाइट व्हिजन’ म्हणजे भिंगावर चढवलेला नारिंगी रंग, त्याने उजेड उलट कमी होतो. खरं नाइट व्हिजन किंवा थर्मल ही वेगळीच यंत्रं, तुमच्या बजेटच्या पार बाहेर. कोणतीही साधी दुर्बीण अंधारात उजेड तयार करत नाही, आहे तो गोळा करते. चांदणं असेल तर चांगल्या ८×४२ मधून उघड्या वावरातला रोही ओळखू येतो. अमावास्येला नाही.

७×५० अजून बरी, झोत सात मिलिमीटरचा. पण तुमचं वय किती? विशीत अंधारात बाहुली सातपर्यंत उघडते, पन्नाशी-साठीत पाचच्या आसपास अडकते. मग वरचे दोन मिलिमीटर वाया आणि गळ्यात किलोभर ओझं. पन्नाशीच्या पुढे असाल तर ८×४२ च घ्या, उरलेल्या पैशांत चांगली टॉर्च.

आणि टॉर्चचं एक लक्षात ठेवा. रोह्याचे डोळे उजेडात लखलखतात, डुकराचे नाही. डुकराच्या डोळ्यात मागचा तो चमकणारा पडदाच नसतो. टॉर्च फिरवली, काही चमकलं नाही, म्हणून वावर रिकामं समजू नका. डुकरासाठी दुर्बिणीतून आकार शोधायचा, जमिनीलगत सरकणारा.

संत्रेवाला काटोल:
आता समजलं काऊन टॉर्च मारूनही डुक्कर दिसत नव्हतं. वय एकावन्न. म्हनजे ८×४२. पन भौ, ते उजवा डोळा-डावा डोळा लावाचं चाक कसं असते? दुकानदार म्हने हलवूच नका.

गोरेवाडाकर:
दुकानदाराला नमस्कार सांगा. उजव्या बाजूचं पुढचं भिंग हाताने झाका, डाव्या डोळ्याने लांबच्या पाटीवर मधलं चाक फिरवून नेमकं करा. मग डावं झाका आणि मधल्या चाकाला न शिवता, उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवून तीच पाटी नेमकी करा. कडीवरची खूण कुठे आली ते लक्षात ठेवा. पुढे फक्त मधलं चाक. निम्मे लोक हे न करताच ‘दुर्बीण खराब’ म्हणतात.

विदर्भवीर:
आज सकाळी अंबाझरी तलावावर मास्तर भेटले. त्यांच्या पी-३ मधून पलीकडच्या काठावरची बदकं बघितली. उजेड जास्त आहे, हलतही नाही, ठीक आहे. बदकं मात्र लहान दिसतात. एवढे पैसे देऊन लहान बदकं बघायची असतील तर बघा बुवा.

चष्मेवाले मास्तर:
यांनी माझी दुर्बीण पाऊण तास परत दिली नाही, हेही लिहा म्हणावं.

पक्षीसखी:
काटोलच्या दादांना एक विचारायचं होतं. फटाक्याऐवजी झटका मशीन लावून बघितलं का? आणि वावराशेजारी पाणी असेल तर हिवाळ्यात तिथे कोणते पक्षी येतात?

संत्रेवाला काटोल:
झटका लावलं, गवत वाढलं का तारेले टेकते अन् करंट उतरते. दर आठवड्याले गवत कापा लागते, मजूर भेटत नाही. पक्षी लय येतात, नावं नाही समजत. तुमी या, मास्तरायलेही आना. दुर्बीन घ्याच्या आधी पाहून तं घेतो त्यायच्या नळीतून रोही कसा दिसते. फक्त गाडी धुऱ्यावर आनू नोका, पानी देलं हाय, फसन.

विदर्भवीर:
मीपण येतो. वीसवाली घेऊन येतो.

संत्रेवाला काटोल:
आना. अन् फटाकेही तुमीच आना.