ॲक्सिलरेटर सोडताच व्हॅनचे इंजिन बंद पडते – मदत हवी आहे

दारव्हा तालुक्यातील आमच्या गावी शेतमाल नेण्यासाठी वापरात असलेल्या जुन्या, फ्युएल इंजेक्शनच्या पेट्रोल व्हॅनचे इंजिन गरम झाल्यावर, ॲक्सिलरेटरवरून पाय काढताच आरपीएम (इंजिनचे मिनिटाला होणारे फेरे) साधारण 800 वर स्थिरावण्याऐवजी खाली घसरून बंद पडते. सकाळी थंड असताना मात्र ते नीट चालते. थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) साफ केली, स्पार्क प्लगही बदलले. मिस्त्री पेट्रोल पंप बदलायला सांगतात, पण भरल्या मालानिशी गाडी चढ दमदार चढते, त्यामुळे ते मला पटत नाही. आयडल एअर कंट्रोल व्हॉल्व्ह (ॲक्सिलरेटर सोडल्यावर इंजिन चालू राहण्यापुरती हवा देणारी झडप) अडकत असेल, की तडकलेल्या व्हॅक्यूम पाइपमधून हवा शिरत असेल? चेक इंजिनचा दिवा लागत नाही. इंजिनच्या संगणकातील माहिती वाचणाऱ्या स्कॅनरसाठी यवतमाळ गाठावे लागते, तेव्हा त्याआधी घरीच कोणती तपासणी कोणत्या क्रमाने करावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.