रानात वाट चुकलो तर खायचं काय? जाणकारांनी सांगा

भटक्या_प्रतापनगर:
मागच्या रविवारी आम्ही तिघं मित्र देवलापारच्या बाजूला एका टेकडीवरच्या देवाला गेलो होतो, दर्शन झाल्यावर म्हटलं मागच्या अंगाने उतरू, आणि पायवाट कधी सुटली ते समजलंच नाही. साडेतीन तास भर उन्हात फिरून राहिलो, मोबाईलला रेंज नाही, तिघांत पाण्याची एकच बाटली. शेवटी ट्रकचे हॉर्न ऐकू आले म्हणून हायवेला लागलो. मधे एका मित्राने भूक लागली म्हणून झाडाचं एक गोल फळ तोडून खाल्लं, ते हिरवट होतं, तोंड असं आवळलं की जीभच हलेना. दुसरं पिवळं झालेलं होतं ते मात्र गोड. देठाला टोपीसारखं काहीतरी, आत चपट्या बिया. त्याला काही झालं नाही पण मला रात्रभर झोप नाही, विषारी असतं तर? आपल्याकडच्या जंगलात काय खाता येतं याची यादी कोणी देईल का? आणि माकडं खातात ते आपल्याला चालतं हे खरं का?

रामटेकची_लेक:
भाऊ, ते टेंभरू. ज्याच्या पानाची बिडी करतात तेच झाड, तेंदू. कच्चं असं तुरट असतंच. मे महिन्यात टेंभरं आणि चारं, दोन्ही पिकतात. चार म्हणजे चारोळीचं झाड, बारकं जांभळं-काळं फळ, आंबटगोड गर चोखायचा, आतली कवची फोडली की चारोळी. माझी आजी पदरात भरून आणायची. त्याआधी मार्च-एप्रिलमध्ये मोह, पहाटे फुलं खाली टपटपतात, गोड असतात पण उपाशीपोटी मूठभराच्या वर नको, मळमळतं. हिवाळ्यात बोरं, आवळे. पावसाळ्यात तरोट्याची कोवळी पानं, पण ती शिजवून, कच्ची नाही. बांबूचे वास्ते, म्हणजे कोवळे कोंब, तेसुद्धा कच्चे खायचे नाहीत, आम्ही चिरून, पाण्यात ठेवून, उकळून ते पाणी फेकतो मगच भाजी करतो. रानातल्या कंदांचंही तेच. हरवलेल्या माणसाजवळ भांडं नसतं, म्हणून भाज्या न कंद यादीतून काढूनच टाक.

आणि यादी पाठ करून काही होत नाही रे. मी ही झाडं आजीच्या मागे फिरून शिकले, पान चुरगळून वास घेऊन. फोटोत चार आणि दुसरं कोणतंही काळं फळ सारखंच दिसतं.

उमरेड_वनवाला:
३१ वर्षं जंगलात नोकरी केली, म्हणून थोडं कडक लिहितो, राग मानू नका. तुम्ही विचारताय खायचं काय, पण त्या दिवशी तुमचा जीव पाण्यापायी धोक्यात होता. माणूस जेवणाशिवाय कित्येक दिवस काढतो, मे महिन्यातल्या ४५ डिग्रीत पाण्याशिवाय एक दिवसही भारी जातो. आणि पोटात काही टाकलं की ते पचवायलाही पाणी लागतं. साडेतीन तास चाललात ही मोठी चूक. वाट सुटली हे समजलं की तिथेच सावलीत बसायचं, तीन-तीन शिट्ट्या मारत राहायच्या, ऊन उतरेपर्यंत हलायचं नाही. नाला कोरडा दिसला तरी वळणावर रेती ओली असेल तर हाताने उकरा, झिरा लागतो. पण पाणवठ्याजवळ संध्याकाळी बसून राहू नका, ती वेळ जनावरांची. मोहाखाली पहाटे जाऊ नका, फुलं खायला अस्वल येतं आणि मोह वेचणाऱ्यांवर दरवर्षी हल्ले होतात.

माकडाचं म्हणाल तर नाही, बिलकूल नाही. वानराचं पोट वेगळं असतं, कप्पेवालं, पाला आंबवून पचवणारं. त्याला जे पचतं त्याने माणूस मरू शकतो.

भटक्या_प्रतापनगर:
काका, धन्यवाद, बसून राहायचं हे डोक्यातच आलं नाही, घाबरून चालतच राहिलो. मग खायचंच नाही अशी वस्तू कोणती ते तरी सांगा न. आणि मशरूम?

उमरेड_वनवाला:
गुंज, लाल बी त्यावर काळा ठिपका, एकदम सुंदर दिसते. चावून खाल्ली तर त्या विषावर उतारा नाही. चंद्रज्योतीच्या बिया, चवीला शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून पोरं खातात आणि उलट्या-जुलाबाने दवाखान्यात जातात. धोतरा, कण्हेर तर माहीतच आहे. बिबा पण, त्याचा पिवळा-केशरी गर लोकं भाजून खातात हे खरं, पण खालच्या काळ्या बीचं तेल लागलं की अंग उततं, फोड येतात, ओठावर लागलं तर विचारू नका.

रामटेकची_लेक:
मशरूमला हातच लावू नको भाऊ. पावसाळ्यात वारुळाजवळ सात्या उगवतात, गावात त्याच्यावर उड्या पडतात, पण आम्ही पण त्या ठरलेल्या जागेवरच्याच आणि बाया सोबत असतानाच तोडतो. लसूण टाकला, चांदीचा चमचा काळा पडला, असली परीक्षा सगळी खोटी, विषारी मशरूम अशा परीक्षेत सहज पास होतं.

अजून एक, मे महिन्यात सकाळी तेंदूपत्ता तोडणारे लोक जंगलात असतात. पाय ठेवायच्या आधी गावात सांगून जायचं, कोणीतरी सोबत येतो पण.

उमरेड_वनवाला:
ताई बरोबर. अभयारण्यात पायी शिरायला तर परवानगीच लागते, तिथलं काही तोडणंही गुन्हा आहे. रेंज एक कांडी जरी आली तरी ११२ लावा, दुसऱ्या कंपनीची रेंज असली तरी लागतो. वनविभागाचा १९२६ पण सेव्ह करून ठेवा.

भटक्या_प्रतापनगर:
दोन्ही नंबर तिघांच्या फोनमध्ये टाकले, शिट्टी घेतली. ताई, तुमच्या गावात टेंभरं अजून असतील तर या रविवारी येऊ का? मित्राला पण आणतो, त्याने ओळखून दाखवलं पाहिजे.

रामटेकची_लेक:
या न. सकाळी ऊन चढायच्या आत या, पाणी जास्त आणा. आई येईल दाखवायला, तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.